जुनी हायटेन्शन लाइन आहे त्याच जागेवर टॉवर बदलून नवीन का करतात? सरळ दुसरीकडून का नेत नाहीत?

मुख्य कारण जागा. लाइनखालच्या पट्ट्यातून तारा नेण्याचा हक्क आधीच मिळालेला असतो, नवीन मार्ग म्हटलं की परत सर्व्हे, परवानग्या, मोबदला, कोर्टकचेरी, त्यात वर्षं जातात. आणि कित्येकदा तारांपेक्षा आधी खांबच थकतात. लाकडी खांब वरून ठणठणीत दिसतो पण जमिनीलगत आतून कुजलेला असतो, हातोडीने ठोकलं की पोकळ आवाज येतो. लोखंडी टॉवरचं गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वरचा जस्ताचा थर, गेलं की पाय काँक्रीटमध्ये शिरतो तिथेच पाणी साचून गंज धरतो, गंज खोल गेला की नुसता वरून रंग मारून भागत नाही.

काम करताना लोड, म्हणजे विजेची मागणी, कमी असतो त्या सीझनमध्ये शटडाऊन घेतात, म्हणजे लाइन बंद ठेवतात, नवा टॉवर शक्यतो जुन्याच्या शेजारी आधीच उभा करून ठेवतात म्हणजे शटडाऊनमध्ये फक्त तारा इकडून तिकडे घ्यायच्या राहतात. शटडाऊन घेतलाच नाही तर लाइव्ह लाइनवर, म्हणजे वीज चालू असतानाच काम, ते वेगळंच प्रकरण, त्याला खास ट्रेन केलेली टीम लागते. बाजूला दुसरी लाइन चालू असेल तर बंद तारेतही इंडक्शनने, म्हणजे न जोडताही नुसत्या शेजारामुळे, व्होल्टेज येतं, म्हणून दोन्हीकडून अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे तार जमिनीला जोडल्याशिवाय, कोणी हात लावत नाही.

नवे टॉवर बरेचदा उंच असतात, कारण तार तापली की झोळ वाढतो आणि जास्त करंट न्यायचा तर खाली अंतर जास्त ठेवावं लागतं. सगळ्यात वरची अर्थवायर, म्हणजे विजेपासून बचाव करणारी तार, तीही बदलून तिच्यातच ऑप्टिकल फायबर टाकून घेतात, एका कामात दोन.