वाचक विचारतात : पोस्ट आणि कागद

प्रश्न : राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचं आहे. रोज दोन-अडीच तास यूट्यूबवर विश्लेषणं ऐकतो; लिहायला बसलं की दीड पानात सगळं संपतं. काय चुकतंय? (गंगापूर रोड, नाशिक)

तुमच्याकडे मतं साठली आहेत, मजकूर साठलेला नाही. विश्लेषक बोलतो ते कुठला तरी कागद वाचून (निदान वाचलेला असावा, ही अपेक्षा). तोच कागद परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट पडलेला असतो : संयुक्त निवेदनं, प्रवक्त्यांच्या पत्रकार परिषदांचे शब्दशः वृत्तांत, संसदेतल्या प्रश्नांची उत्तरं. यातली संसदेतली उत्तरं विद्यार्थी सहसा उघडतच नाहीत. आकडे आणि सरकारची नेमकी भूमिका मात्र तिथेच सापडते.

सुरुवात एका जोडीने करा. जी-२० या वीस मोठ्या अर्थव्यवस्थांच्या गटाची नोव्हेंबर २०२२ ची बालीची घोषणा आणि सप्टेंबर २०२३ ची दिल्लीची. दोन्हींतले फक्त युक्रेनविषयीचे परिच्छेद छापून घ्या, वहीचं पान उभं दुमडून दोन रकाने करा आणि क्रियापदं अधोरेखित करत जा. बालीच्या मजकुरात ‘बहुतेक सदस्यांनी’ युद्धाचा तीव्र निषेध केल्याचं वाक्य आहे, शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाचा हवाला देऊन रशियाच्या आक्रमणाचा नावानिशी उल्लेख आहे. दिल्लीच्या मजकुरात या दोन्ही गोष्टी गायब. त्याऐवजी, बळाच्या जोरावर कुणीही दुसऱ्याचा प्रदेश घेऊ नये, हे तत्त्व सर्व देशांना उद्देशून मांडलेलं आहे. असं का झालं? दिल्लीत सर्वसंमती हवी होती आणि रशिया त्याच टेबलावर बसलेला होता. एवढ्या एका तुलनेवर चार पानं सहज लिहून होतात, आणि ती तुमची असतात.

क्रियापदांनाही उतरंड असते. ‘नोंद घेतली’ म्हणजे फारसं काही बोलायचं नाही; ‘स्वागत केलं’ त्याच्या वरचं; ‘चिंता व्यक्त केली’ आणि ‘निषेध केला’ यांत तर मोठं अंतर. दोन नेत्यांचं फोनवर बोलणं झालं की दोन्ही सरकारं आपापलं निवेदन काढतात. ती शेजारी ठेवून वाचा. एकात असलेला आणि दुसऱ्यात नसलेला मुद्दा हीच खरी बातमी. अडीच तास ऐकण्यापेक्षा असं अर्धा तास वाचणं जास्त कामाचं.

प्रश्न : फेब्रुवारी २०२४ मध्ये कांद्याची निर्यातबंदी उठल्याची बातमी मोबाइलवर फिरली, भाव चढले आणि मग कळलं की बंदी तशीच आहे. अशा बातमीची खात्री कशी करायची? मुलगी आंतरराष्ट्रीय संबंध शिकते. तिच्या अभ्यासाला याचा काही उपयोग? (लासलगाव)

उपयोग भरपूर. मुलीने प्रकल्पाला विषय शोधत दिल्लीकडे बघण्याची गरज नाही.

आधी घटनाक्रम. बंदी ८ डिसेंबर २०२३ पासून, सुरुवातीला ३१ मार्च २०२४ पर्यंत होती; पुढे ती वाढवली गेली. १७ फेब्रुवारीला लासलगावात सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता. बंदी उठल्याच्या बातमीवर १९ तारखेला तो १,८०० वर गेला आणि २० तारखेला ग्राहक व्यवहार सचिवांनी बंदी कायम असल्याचं सांगितलं. पुढे १ मार्चला जी अधिसूचना निघाली ती बांगलादेशसाठी ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टनांची, तीही एका ठरावीक सहकारी संस्थेमार्फत. ठरलेल्या देशाला मोजका माल देणं आणि सगळ्या व्यापाऱ्यांना निर्यात खुली करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबाइलवरच्या एका ओळीत त्या एकच होऊन बसतात.

आता खात्रीची रीत. मंत्र्यांचं वक्तव्य, एक्सवरची पोस्ट, वाहिनीची पट्टी यांतल्या कशावरही कस्टम्स माल सोडत नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएफटीची, अधिसूचना लागते. त्यांच्या संकेतस्थळावर नोटिफिकेशन, पब्लिक नोटीस, ट्रेड नोटीस आणि सर्क्युलर असे वेगवेगळे कागद दिसतात. माल खुला की बंद, हे बदलतं ते नोटिफिकेशनने. बाकीचे बहुतेक कार्यपद्धतीचे किंवा खुलाशाचे. नोटिफिकेशनचा क्रमांक आणि तारीख बघा, मग तक्त्यात ताज्या कांद्याचा कोड ०७०३१०१९ शोधा आणि त्याच्या पुढे ‘फ्री’ आहे की ‘प्रोहिबिटेड’ ते वाचा. खालच्या अटी सोडू नका. बंदीच्या आधी जहाजावर चढायला लागलेल्या मालाचं काय, ते तिथेच लिहिलेलं असतं.

इथे एक फसगत नेहमीची. निर्यातशुल्क डीजीएफटी लावत नाही, ते अर्थ मंत्रालय लावतं. ४ मे २०२४ ला बंदी उठली तेव्हा टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (याहून कमी दराने निर्यात नाही) डीजीएफटीच्या कागदात होतं, ४० टक्के शुल्क मात्र अर्थ मंत्रालयाच्या. एकच कागद वाचणाऱ्याचा हिशेब चुकला असता.

मुलीसाठी धागा वेगळा. २९ सप्टेंबर २०१९ लाही कांद्याची निर्यात अशीच अचानक बंद झाली होती. त्यानंतर आठवड्याच्या आतच बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांसमोर त्या हिंदीत, हसत हसत म्हणाल्या की आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असं सांगून टाकलं आहे. ती क्लिप सगळीकडे विनोद म्हणून फिरली. पण त्याच बोलण्यात, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, हेही होतं. भरसभेत, यजमानांच्याच भाषेत केलेली ती तक्रार होती. क्लिपमध्ये हशा उरतो आणि तक्रार गळते. हे गळणं कसं होतं, ते त्या दिवसांतल्या ढाक्याच्या आणि आपल्या वृत्तपत्रांतल्या बातम्या शेजारी ठेवून दाखवता येईल. बी.ए.च्या प्रकल्पाला एवढं पुरे.

प्रश्न : एक्सवर एखाद्या परराष्ट्र मंत्रालयाचं खातं खरं की बनावट, आणि युद्धाचा व्हिडिओ खरा की खोटा, कसं ओळखायचं? (सिडको, नाशिक)

निळी टिक आता पैसे भरून मिळते, तिच्यावर विसंबू नका. सरकारी खात्यांना करड्या रंगाची टिक असते. तरीही उलटा रस्ता जास्त भरवशाचा : आधी मंत्रालयाचं संकेतस्थळ उघडा आणि तिथल्या दुव्यावरून खात्यावर जा. बनावट नावात बहुधा एखादं अक्षर किंवा खालची रेघ (अंडरस्कोर) जास्तीची असते.

व्हिडिओ थांबवून दोन-तीन चौकटींचे स्क्रीनशॉट काढा आणि गूगल लेन्समध्ये (चित्रावरून शोध घेणारी सोय) टाका. जुनं चित्रण असेल तर बऱ्याचदा तिथेच उघडं पडतं. ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या लढाईची म्हणून वारंवार फिरली आहेत. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगतात असा डीपफेक, म्हणजे संगणकाने बनवलेला खोटा व्हिडिओ, आला होता. त्यात डोकं आणि धड यांचा मेळ नव्हता. आताचे इतके ढिसाळ नसतात, म्हणून डोळ्यांपेक्षा मूळ स्रोतावर भर द्या. आणि पोस्ट अभ्यासात वापरणार असाल तर तिची प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणारं संकेतस्थळ) लगेच जपून ठेवा, सोबत भारतीय वेळ लिहा. पोस्ट पुसली जाते आणि मग तुमच्या तळटिपेला अर्थ राहत नाही.

प्रश्न : मराठी माध्यमातून यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत जाता येतं का? अभ्यास कुठे करावा? (नाशिकरोड)

येतं. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही देता येते. ‘राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ हा वैकल्पिक विषय प्रत्येकी २५० गुणांच्या दोन पेपरांचा. इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर मात्र पात्रतेपुरता, किमान २५ टक्क्यांनी, काढावाच लागतो. पदवीनंतर शिकायचं तर जवळ पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे. दिल्लीत जेएनयूमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र शाखा आहे, तिथे एम.ए.ला सीयूईटी-पीजी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

मूळ कागद इंग्रजीत आणि उत्तरं मराठीत, म्हणून स्वतःचा शब्दसंग्रह पहिल्या दिवसापासून करा, पण शब्दासोबत नियमही लिहा. ढाक्यात आपले उच्चायुक्त असतात आणि काठमांडूत राजदूत, कारण बांगलादेश राष्ट्रकुलात (मुख्यतः पूर्वीच्या ब्रिटिश वसाहतींच्या गटात) आहे, नेपाळ नाही, आणि राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात. ‘पर्सोना नॉन ग्राटा’ला वर्तमानपत्रं सरसकट ‘हकालपट्टी’ म्हणतात. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ९ नुसार यजमान देश फक्त ‘ही व्यक्ती आम्हाला नको’ असं कळवतो, कारण सांगायला तो बांधील नसतो, आणि त्या अधिकाऱ्याला परत बोलावणं ही पाठवणाऱ्या देशाची जबाबदारी ठरते. त्याने बोलावलं नाही, तर यजमान देश त्या माणसाला दूतावासाचा सदस्य मानायला नकार देऊ शकतो.