मोठी चित्रं गुंडाळून पाईपमध्ये ठेवली तर चालतील का?

नका ठेवू. आईची ३ बाय ४ फुटांची चारकोलची चित्रं, लहान फ्लॅट आणि पीव्हीसी पाईप, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि राहवलं नाही.

माझे बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. मे महिन्यात चिपळूणच्या घरी फुल इम्पीरियलचे (२२ बाय ३० इंची) दोन कागद जोडून, आजीला समोर बसवून चारकोलने काढायचे. ते गेल्यावर दादाने ती आठ चित्रं वर्तमानपत्रात गुंडाळून अडीच इंची पाईपमध्ये कोंबली, दोन्ही टोकांना टोपणं लावली आणि पाईप माळ्यावर टाकला. "पाणी शिरणार नाही," म्हणाला. आत कोंडलेल्या ओलीचं काय? सहा पावसाळ्यांनी उघडलं तर आधी कुबट वास आला. कागद उलगडेना. जरा जोर लावला आणि आजीच्या डाव्या डोळ्यातून चीर गेली. एका चित्रातलं नाक दुसऱ्याच्या पाठीवर उमटलेलं, कडा कसरीने खाल्लेल्या, सेलोटेपच्या जागी तपकिरी पट्टे. त्या दिवशी मी जेवले नाही.

त्यातलं जे एक धड उरलं, ते दादाने मला न विचारता लॅमिनेट करून आणलं. चारकोलची ती मऊ पूड चकचकीत काळी होऊन बसली, आणि आता ते कोणालाही सोडवता येणार नाही. "टिकलं ना?" असं तो अजून विचारतो. नाही टिकलं. बाबांच्या बोटाने पुसलेली आजीच्या गालावरची सावली त्यात दिसत नाही.

तर चित्रं आडवीच ठेवा. चित्रापेक्षा दोन इंच मोठे, आम्लमुक्त बोर्डाचे (म्हणजे कागद पिवळा न पाडणाऱ्या पुठ्ठ्याचे) दोन तुकडे एका बाजूने कापडी पट्टीने जोडा, दोन चित्रांमध्ये ग्लासीन, म्हणजे गुळगुळीत पातळ कागद, घाला. प्लास्टिकची शीट अजिबात नको, तिच्यातल्या स्थिर विजेने चारकोल उचलला जातो. दिवाणाच्या खणात हे सगळं मावतं. जागा नाही ही सबब मी दादाकडूनही ऐकली होती, तेव्हा दिवाणात जुन्या रजया होत्या.

जलरंगाची वगैरे असतील आणि गुंडाळण्यावाचून इलाज नसेल, तर निदान सहा इंची जाड नळीच्या बाहेरून, आम्लमुक्त कागद घालून सैल गुंडाळा, वरून धुतलेलं मलमल. चारकोल मात्र गुंडाळू नका.

हो, घर तळमजल्यावर आणि पुराच्या गावात असेल तर दिवाण नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला काय झालं ते आम्ही पाहिलंय. आणि बुरशी दिसलीच तर घरी पुसू नका, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा. मी उशिरा विचारलं.