मेकअप केला की आणखीच पुरुषी दिसते

"मेकअप नाही केला तर मी पुरुष दिसते, आणि केला तर मेकअप केलेला पुरुष दिसते." मेकअपला नुकतीच सुरुवात केलेल्या ट्रान्स स्त्रियांकडून, म्हणजे जन्मतः मुलगा म्हणून नोंद झालेल्या पण स्त्री असलेल्यांकडून, हे वाक्य मी थोड्याफार फरकाने सतत ऐकते. आपली हाडंच अशी आहेत, वरून कितीही रंग लावला तरी काही उपयोग नाही, अशी भीती त्यामागे घट्ट बसलेली असते. मी समुपदेशन करते. या भीतीला उत्तर म्हणून माझ्या एका क्लायंटची हकिगत सांगते. तिच्या संमतीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिची तिशी उलटली होती. कामाच्या ठिकाणी आणि घरच्यांसमोर अजून पुरुष म्हणूनच वावरत होती. मेकअप व्हायचा तो रात्री, खोलीचं दार लावून. पहिल्याच भेटीत तिने मोबाइल पुढे केला आणि एकेक फोटो मोठा करून दाखवू लागली. हा जबडा बघा. हे भुवयांवरचं हाड. हे नाक. नाक आणि वरचा ओठ यांच्यातलं अंतर बघा केवढं आहे. मी विचारलं, "आणि डोळे?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "डोळ्यांकडे मी कधी बघितलंच नाही, मॅडम."

तिने दाखवलेलं बरंचसं खरं होतं. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनमुळे भुवयांवरचा कंगोरा पुढे येतो, जबड्याचे कोपरे रुंद होतात, हनुवटी मोठी होते, पुढे काही जणांची केसांची रेषा कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत मागे सरकते. "छे, असं काही नाही, छान दिसता तुम्ही" अशी समजूत मी कधी घालत नाही. जी रोज तासन्‌तास आरशासमोर बसते तिला हे खोटं आहे हे लगेच कळतं, आणि त्यानंतर ती मनातलं बोलायची थांबते.

पुरावा म्हणून आणलेले फोटो मात्र दिशाभूल करणारे होते. सगळे हात लांब करून, रात्री, डोक्यावरच्या दिव्यात काढलेले. २०१८ साली चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासात गणित मांडून दाखवलं होतं की ५ फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. वरून येणारा उजेड भुवईच्या हाडाची सावली डोळ्यांवर पाडतो, ती वेगळीच. मी तिला एवढंच सुचवलं, की पुढचा फोटो दिवसा, खिडकीकडे तोंड करून, फोन लांब ठेवून टायमरवर काढा. आणि तोपर्यंत जुने फोटो मोठे करून बघणं बंद.

मग ती मेकअप कसा करते ते विचारलं. गालांपासून हनुवटीपर्यंत त्वचेपेक्षा उजळ फाउंडेशनचा जाड थर, तरी दाढीची छटा दिसली की आणखी एक थर, मग जबड्यावर आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना गडद कॉन्टूर (तो भाग लहान भासवणारी सावलीसारखी छटा), डोळ्यांभोवती ठळक काजळ. म्हणजे जे जे नकोसं वाटतं ते सगळं झाकायचं. झाकता झाकता चेहऱ्याचा खालचा भाग राखाडी व्हायचा, थर सुकून तडकायचा, आणि तिची नजर नेमकी तिथेच जायची. बहुतेक जणी इथेच अडकतात. मेकअपचा सगळा वेळ नावडत्या जागांवर खर्च होतो आणि आवडू शकेल अशा जागांपर्यंत हात पोचतच नाही.

मेकअप शिकवणं माझं काम नव्हे. माझ्या ओळखीची एक मेकअप आर्टिस्ट आहे, स्वतः ट्रान्स स्त्री. क्लायंटच्या होकाराने तिला एका भेटीला बोलावलं. दोघींचं लगेच जमलं, आणि मॅडमपेक्षा ताईचा शब्द जास्त चालू लागला, जे मला हवंच होतं. या वाटेने आधी गेलेली बाई समोर बसली की निम्मं काम तिथेच होतं.

ताईने तिला खिडकीजवळ बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दाढी कधी केलीस?"

"सकाळी."

"मग परत कर. कोमट पाण्याने चेहरा मऊ होऊ दे, नवं पातं घे, आधी केस वळतात त्या दिशेने फिरव. घाई करू नकोस."

दाढी झाल्यावर साधं मॉइश्चरायझर लावून थोडा वेळ तसंच बसवलं. अल्कोहोल असलेलं आफ्टरशेव्ह नको म्हणाली, आग होते आणि वरचा मेकअप बसत नाही. मग तिने केशरी करेक्टर काढला. काळ्या दाढीची मुळं कातडीखालून निळसर-हिरवट दिसतात. त्यावर त्वचेच्या रंगाचं फाउंडेशन लावलं की दोन्ही मिसळून राख फासल्यासारखं होतं. निळ्याला मारतो केशरी. गोऱ्या त्वचेला फिकट पीच पुरतो, सावळ्या त्वचेला केशरी लागतो आणि खूप गडद त्वचेला लालसर. ताईने तो बोटाच्या टोकावर अगदी थोडा घेतला आणि फक्त छटा होती तिथेच, वरच्या ओठावर, हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने, टिपत टिपत बसवला. चोळला नाही. थोडं थांबून त्यावर मानेच्या रंगाशी जुळणारं फाउंडेशन ओल्या, पिळलेल्या स्पंजने थोपटलं. स्पंज ओढला की खालचा केशरी उचलला जातो, असं ती करता करता सांगत होती. शेवटी पफने पावडर दाबून बसवली.

हे सगळं तिने चेहऱ्याच्या डाव्या बाजूलाच केलं आणि आरसा हातात दिला.

क्लायंट बराच वेळ मान वळवून एकदा ही बाजू, एकदा ती बाजू बघत राहिली. मग म्हणाली, "इकडचा जबडा लहान दिसतोय." जबड्याला अजून काहीच केलेलं नव्हतं, कॉन्टूरची डबीसुद्धा उघडली नव्हती. दाढीची छटा चेहऱ्याचा खालचा भाग गडद करते, जबड्याला खालून रेघ ओढल्यासारखी दिसते, आणि ते गडदपण आपण हाडाच्या नावावर टाकतो. इतकी वर्षं ती ज्याला हाड म्हणत होती त्यात बरीचशी सावली होती. पुढच्या सगळ्या भेटींमध्ये आम्हाला हीच अर्ध्या चेहऱ्याची गोष्ट कामी आली.

रिचर्ड रसेल या मानसशास्त्रज्ञाचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी अशा वेळी आवर्जून सांगते. डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला गडद-उजळ फरक सरासरी पाहता स्त्रियांच्या चेहऱ्यावर पुरुषांपेक्षा जास्त असतो, हे त्याने मोजून दाखवलं. ना धड पुरुषाचा ना धड स्त्रीचा वाटेल असा एकच चेहरा घेऊन त्याने हा फरक वाढवला तेव्हा तो स्त्रीचा वाटला, कमी केला तेव्हा पुरुषाचा. दोन्ही चित्रांत चेहऱ्याची ठेवण तीच. दाढीची छटा ओठांभोवतीची त्वचा गडद करून नेमका हाच फरक पुसते. म्हणून पहिला वेळ तिच्यावर द्यायचा, दुसरा डोळ्यांवर आणि ओठांवर. बाकी सगळं नंतर.

भुवयांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे मेकअप आणि समुपदेशन एकमेकांत मिसळतात. तिला भुवया पूर्ण कोरून घ्यायच्या होत्या. ताई म्हणाली, कोरायच्या असतील तर खालून. वरची कड तशीच ठेव, बाहेरच्या अर्ध्या भागाखालचे थोडे थोडे केस काढ, शेपूट खाली उतरू देऊ नकोस. भुवई आणि पापणी यांच्यात जागा मोकळी झाली की डोळा मोठा दिसतो आणि कंगोरा कमी जाणवतो. पण दुसऱ्या दिवशी कामावर कोणी विचारलं तर काय सांगणार, हे तिने ठरवलेलं नव्हतं. तेव्हा आम्ही आधी धुऊन जाणारा मार्ग घेतला. भुवईचे केस जेलने वर विंचरायचे, खालच्या कडेला कन्सीलरची बारीक रेघ, वरच्या कडेला पेन्सिलने हलकासा उंचवटा. रात्री धुतलं की भुवई पहिल्यासारखी. आधी पुसता येणारं करून बघणं हा भित्रेपणा आहे असं तिला वाटत होतं. मला तसं अजिबात वाटत नाही. कोणाला, कधी आणि किती कळू द्यायचं हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, आणि घाईत कोरलेली भुवई तो हक्क तिच्या हातून काढून घेऊ शकते.

डोळ्यांचं काम त्या मानाने सोपं निघालं. पापणीच्या घडीच्या किंचित वर चमक नसलेला मध्यम तपकिरी रंग, पापणीच्या मधोमध उजळ रंग, वरच्या पापणीला बारीक लायनर आणि पापण्यांचे केस कर्लरने वळवून मस्कारा. चारही बाजूंनी भरलेल्या काजळाने डोळा उलट लहान दिसतो. भुवईच्या हाडावर चमकी लावायची नाही, चमकतं ते पुढे येतं. ओठांना लायनर फक्त वरच्या ओठाच्या मध्यभागी मूळ रेषेच्या जरासा वर न्यायचा, कोपऱ्यांत नाही. नाक आणि ओठ यांच्यातलं अंतर तेवढ्यानेही कमी भासतं. ब्लश गालावर उंच, कानशिलाकडे जाणारा.

कॉन्टूर ताईने शिकवला, पण माझं स्पष्ट मत आहे की नवशिक्या व्यक्तीने तो बाजूला ठेवावा. फोटोत आणि रंगमंचावर तो शोभतो, दिवसाच्या उजेडात हात बसलेला नसेल तर मळल्यासारखा दिसतो. करायचाच तर चमक नसलेला, तांबूस झाक नसलेला तपकिरी घ्यावा, त्वचेपेक्षा एक-दोन छटाच गडद, आणि कपाळाचे कोपरे व जबड्याच्या कोपऱ्याच्या खालची बाजू एवढ्यावर थांबावं.

हे सगळं हाताला येऊ लागलं तरी एक गोष्ट सुटत नव्हती. मेकअप पूर्ण झाला की ती चेहरा आरशाजवळ नेऊन तपासायची, एखादा दोष सापडायचा आणि लगेच धुऊन टाकायची. आपल्या या चेहऱ्याचा तिचा सगळा अनुभव तपासणी आणि धुणं एवढाच होता. मी तिला सांगितलं, मेकअप झाला की आरसा पालथा ठेवा आणि अर्धा तास दुसरं काहीतरी करा. कपाटं आवरा, वाचा, मैत्रिणीला फोन करा. सुरुवातीला तिला हे फार जड गेलं. एकदा म्हणाली, "आरसा नाही बघितला तर मला मी कशी दिसतेय तेच आठवत नाही, आणि मग मी फक्त असते." ते तिला चांगलं वाटलं की वाईट, हे तिलाच सांगता येईना. त्यावर आम्ही पुष्कळ बोललो.

त्याच काळात तिने विचारलं, की हे रात्री दार लावून करणं म्हणजे विकृती आहे का. नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत जन्मतः नोंदलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारी ओळख यांच्यातली ही विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेली, आणि ती आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. दार तिने लावलं ते भीतीने, आणि त्या भीतीला बाहेर कारणं आहेत. म्हणूनच "लोकांकडे लक्ष देऊ नका" हा सल्ला मी देत नाही. रस्त्यावर कोणी वळून बघू नये असं वाटणं म्हणजे नुसती दिसण्याची हौस नाही, तो सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

काही गोष्टी मेकअपच्या हातात नाहीत हेही तिला आधीच सांगितलं. डॉक्टरांकडून स्त्री-हार्मोन्स सुरू केले तर गालांवरची चरबी आणि त्वचा काळाच्या ओघात बदलते, पण दाढीचे केस जात नाहीत आणि हाडंही बदलत नाहीत. दाढी कायमची कमी करायला लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे विजेने केसाचं मूळ मारणं. लेसर केसातल्या काळ्या रंगद्रव्यावर चालतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. इलेक्ट्रोलिसिस कुठल्याही रंगाच्या केसांवर चालतं, मात्र एकेक केस घ्यावा लागतो. दोन्हींना बऱ्याच बैठका लागतात आणि त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच सुरुवात करावी. त्वचेची निगाही यातच आली. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मेकअप चेहऱ्यावर ठेवून झोपायचं नाही, मस्कारा कोणाला वापरायला द्यायचा नाही आणि साधारण तीन महिन्यांनी बदलायचा. दाढीनंतर पुळ्या आल्या तर त्यावर थर चढवण्यापेक्षा मेकअपला सुट्टी द्यायची.

आणि आरशासमोरचा त्रास इतका वाढला की घराबाहेर पडणं थांबलं, खाणं-झोपणं बिघडलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मेकअप बाजूला ठेवून आधी समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलावं, शक्य तितक्या लवकर.

ती आता कॉन्टूर वापरत नाही. दाढीची छटा झाकणं, भुवया विंचरणं, मस्कारा आणि गडद लिपस्टिक एवढंच करते, आणि तसाच चेहरा घेऊन ताईबरोबर दिवसा बाहेर जाऊन आली आहे. भुवया अजून कोरलेल्या नाहीत. लेसरसाठी डॉक्टरांना भेटली. आमच्या भेटींमध्ये मेकअपचा विषय आता फारसा निघत नाही. आईला कधी आणि कुठल्या शब्दांत सांगायचं, यावर सध्या आम्ही बोलतो आहोत.