दप्तरात पुडी सापडली, आता पुढे काय?

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात पोलिसांना गांजाची पुडी सापडली. बाल न्याय मंडळासमोर बोलावलंय. त्याला तुरुंगात टाकतील का?

उत्तर : नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठराखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवताच येत नाही. १ किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात. कमाल शिक्षा १ वर्ष, म्हणून हा किरकोळ अपराध. चौकशी ४ महिन्यांत, वाढीव २ महिने धरूनही संपली नाही तर प्रकरण बंद होतं.

पहिल्या तारखेला शाळेचा जन्मतारखेचा दाखला न्या. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

खरी मेख आहे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसर, मुलाच्या घरची-शाळेची माहिती काढून मंडळाला देणारा) सामाजिक तपासणी अहवालात. तो २ आठवड्यांत द्यायचा असतो. अधिकारी चौकशीला आला की पालक 'आमचा तसा नाहीच हो, मित्रांनी अडकवलं' म्हणून सगळं झाकतात. अहवालात व्यसन येतच नाही, मंडळ समज देऊन सोडतं आणि उपचार राहून जातात. कधीपासून ओढतो, शाळा कधी बुडायला लागली, घरातून पैसे जातात का, हे वकिलाशी बोलून मोकळेपणानं सांगा. त्यावरून मंडळ कलम १८ खाली समुपदेशन, व्यसनमुक्ती कार्यक्रम, ठरावीक ठिकाणी जायला बंदी असे आदेश देऊ शकतं.

लघवीच्या तपासणीत एक घोळ नेहमी होतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचा अंश सोडल्यानंतरही तीन-चार आठवडे सापडू शकतो. पंधरा दिवसांनी पुन्हा पॉझिटिव्ह आला म्हणजे पुन्हा ओढलाच, असं नव्हे. झटपट चाचणीच्या पट्टीच्या निकालावर वाद असेल तर प्रयोगशाळेतली पक्की चाचणी मागा.

आणि ज्यानं पुडी दिली, त्याला कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

प्रश्न : नवरा पिऊन येतो. घटस्फोटाचा दावा चालू आहे. मुलीला त्याच्याकडे पाठवावंच लागेल का?

उत्तर : भेटीला अटी घालून घेता येतात. कुटुंब न्यायालयात अंतरिम अर्ज (दाव्याचा निकाल लागेपर्यंतच्या आदेशासाठी) करा : भेट न्यायालयाच्या आवारात किंवा समुपदेशकासमोर व्हावी, रात्रीचा मुक्काम नसावा, पिऊन आला तर त्या दिवशीची भेट रद्द. नुसतं 'रोज पितो' म्हणून भागत नाही. दवाखान्याचे कागद, पोलिसांतली तक्रार, शाळेचं पत्र, जे असेल ते तारखेनिशी जोडा. मारहाण होत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचं संरक्षणही याच दाव्यात मागता येतं.