रोहिंग्या छावणीत आठवडाभराचं दंतशिबिर घ्यायचंय, तर ब्रश-पेस्ट किती न्यावी आणि फिलिंगसाठी कोणतं साहित्य घ्यावं?

ब्रशांआधी निर्जंतुकीकरणाचा हिशेब करा. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत दहा लाखांच्या आसपास माणसं दाटीने राहतात. एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या संस्थेने २०२३ मध्ये तिथे केलेल्या पाहणीत तपासलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाला सक्रिय हिपॅटायटिस सी (रक्तातून पसरणारा यकृताचा संसर्ग) आढळला. अशा ठिकाणी नुसता स्पिरिटमध्ये बुडवलेला फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) पुढच्या पेशंटच्या तोंडात घालायचा नाही. कुकरसारखा ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने हत्यारं निर्जंतुक करणारं भांडं, न्या. १२१ अंश, १५ पौंड दाब, आणि पाकिटातल्या हत्यारांना दाब चढल्यापासून ३० मिनिटं. तापणं, वाळणं, निवणं धरून एका फेरीला तास सहज जातो, त्यामुळे दिवसात किती दात काढता येतील ते तुमच्याकडे हत्यारांचे किती संच आहेत त्यावर ठरतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. घाईत पाकिटं ठासून भरली जातात आणि मध्ये वाफच पोचत नाही. आतली हवा पूर्ण निघायच्या आत झडप बंद केली, तर काटा दाब दाखवतो पण तापमान चढलेलं नसतं. पाकिटावरच्या टेपचा रंग बदलला म्हणजे पाकीट तापलं, एवढंच; आतली हत्यारं निर्जंतुक झाली असं नाही.

येणारे बहुतेक दुखणं घेऊन येतील. रूट कॅनाल सुरू करू नका, पुढची भेट कोण देणार? दात काढल्यावर गॉज अर्धा तास दाबून धरायला लावा आणि रक्त थांबल्याचं बघूनच उठवा. २४ तास चूळ भरणं, थुंकणं, पान खाणं बंद. पानाचं घरच्यांसमोर सांगितलेलं बरं, एकट्या पेशंटला सांगून फारसा उपयोग होत नाही. बायकांसाठी पडदा आणि छावणीतलीच एखादी दुभाषी बाई हवी.

जबड्याखाली कडक सूज, जीभ वर उचललेली, गिळता न येणं, तोंड न उघडणं किंवा डोळा सुजून मिटणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. कुठलं आणि कुठल्या गाडीने, हे पहिल्या दिवसाआधीच ठरवा. साध्या सुजेतही नुसत्या अँटिबायोटिकवर घरी पाठवलं की सूज उतरते, दात तसाच राहतो आणि दुखणं परत येतं.

मुलांच्या किडीला माझं मत ३८ टक्के एसडीएफला (सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, कीड थांबवणारा द्रव). दात कोरडा करा, ओठांना व्हॅसलिन लावा, मिनिटभर द्रव लावून ठेवा. एक थेंब साधारण पाच दातांना पुरतो. कीड काळी पडते, म्हणून आईला आधी फोटो दाखवा. नसेपर्यंत गेलेल्या किंवा पू झालेल्या दातात वापरू नका. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं, तेव्हा मुलांची यादी छावणीतल्या दवाखान्याला द्या.

फिलिंगला ग्लास आयोनोमर हे कालवून भरायचं सिमेंट, तेही दाताच्या एकाच पृष्ठभागावरच्या खड्ड्यांपुरतं. उकाड्यात ते लवकर घट्ट होतं, कालवायची काचपट्टी गार ठेवा आणि चकाकी गेलेलं मिश्रण फेकून द्या. पेस्ट १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइडची. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.

पान-सुपारी-तंबाखू तिथे घरोघर आहे. विदर्भात खर्रा खाणाऱ्यांची तोंडं पाहिली असतील तर वेगळं शिकावं लागणार नाही. प्रत्येक प्रौढाला स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगा. ती जात नसतील, पुसून न जाणारा पांढरा-लाल चट्टा असेल किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्या.

परवानगी आरआरआरसी (बांगलादेश सरकारचे निर्वासित मदत व परतपाठवणी आयुक्त) कार्यालयाची लागते. भुलेची इंजेक्शनं इथून नेण्यापेक्षा बांगलादेशातच विकत घ्या.