बेसबॉलची अंपायरिंग करायचीय? आधी बेसवर उभा राहा

वाशी-नेरूळकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत अंपायरिंग केलीयस, म्हणजे आरडाओरडा पचवायची सवय आहे. मग जरूर सुरू कर. फक्त क्रिकेटच्या दोन सवयी घरी ठेवून ये. इथे बहुतेक निर्णयांसाठी अपीलची वाट बघायची नसते. बॅट न फिरवलेल्या प्रत्येक पिचवर, म्हणजे पिचरने टाकलेल्या चेंडूवर, स्ट्राइक (ठरलेल्या पट्ट्यातला) की बॉल (पट्ट्याबाहेरचा), हे अंपायरच सांगतो. आणि संशयाचा फायदा बॅटरला, हा प्रकार इथे नाही.

पहिले काही सामने, बॅटर चेंडू मारून आधी जिथे धावतो, त्या पहिल्या बेसजवळच घे. सगळे नवखे तिथे चेंडूकडे बघत बसतात आणि फसतात. थ्रो निघाला की नजर बेसवर, धावणाऱ्याच्या पायावर. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा 'फट्' आवाज कानांनी टिपायचा. आधी काय, पाय की आवाज? आवाज आधी आला, तरी लगेच हात वर नको. चेंडू ग्लोव्हमधून निसटला नाही ना, ते बघ, मगच 'आउट'.

प्लेटमागे, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या मागे, नंतर. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर, शिनगार्ड आणि आतलं गार्ड नसेल तर शाळेच्या पोरांच्या मॅचलाही उभं राहायचं नाही, कोणी कितीही 'दादा, एकच मॅच' म्हणो. बॉक, इनफील्ड फ्लाय वगैरे किचकट नियम सध्या सीनियरवर सोड.