शाळूच्या बियाला गॅमा किरण देण्याआधी

बियाच्या जनुकांत बदल घडवून नवा वाण काढायचा म्हणून मालदांडी शाळूचं बी किरणांसाठी पाठवायची तुझी घाई कळते, पण आधी बियांतला ओलावा बघ. सोलापूरच्या उन्हात बी कडकडीत वाळतं, आणि फार कोरड्या बियाला तेवढ्याच मात्रेत जास्त इजा होते. सगळे नमुने १२-१३ टक्क्यांवर आण. मात्राही कुणाची उचलू नकोस. १०० ते ५०० ग्रेपर्यंत (ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप) वेगवेगळ्या मात्रा थोड्या थोड्या बियाला देऊन रोपांची वाढ कुठे निम्म्यावर येते ते मोज. किरण देणाऱ्या कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे तेवढ्यात त्याचा जोर निम्मा होतो, म्हणून त्या दिवसाचा मात्रादर (ठरावीक वेळात किती ग्रे मिळतात ते) विचारून वहीत लिही.

पहिल्या पिढीत काही दिसलं नाही तर खचू नकोस. मी खचलो होतो, अख्खा प्लॉट मोडायला निघालो होतो. बहुतेक बदल अप्रभावी, म्हणजे मूळ जनुकाखाली दबून राहणारे असतात, ते दुसऱ्या पिढीत उघडे पडतात. तोवर फुलोऱ्याआधी प्रत्येक कणसाला कागदी पिशवी घाल. शेजारच्या शाळूचा पराग शिरला की मुसळ केरात. भाभा केंद्राचा टीएजी-२४ भुईमूग अशाच उत्परिवर्तनांच्या, म्हणजे जनुकांतल्या बदलांच्या, पायावर उभा आहे.

घरचे घाबरले तर सांग, गॅमा किरण दिलेलं बी किरणोत्सारी होत नाही.